पाहुण्यांसाठी पसरलेली माती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या प्रयोगशाळेचे संचालक, व्यासपीठावर उपस्थित असलेले शहराचे आरोग्याधिकारी, पहिल्या दिवशी माझ्या हातात चाळणी देणारे आणि आज काठी टेकत दोन जिने चढून आलेले माझे जुने वरिष्ठ, सर्व विभागांतले सहकारी, निवृत्त मंडळी, पाहुणे आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

पुढे सरकून बसा. पहिल्या दोन ओळी कायम रिकाम्या का ठेवतात हे मला एवढ्या नोकरीत कळलेलं नाही. आज मी कोणाला प्रश्न विचारणार नाही, घाबरू नका.

माझ्या आधी पाच जण बोलले. लेखा विभागाच्या प्रमुखांनी मला मायेची सावली म्हटलं. हेच गृहस्थ माझ्या खोलीच्या दारावर एकदाच, अगदी हलकी टकटक करायचे, आणि आतून उत्तर आलं नाही की सुटलो म्हणून परत फिरायचे. मी उत्तर मुद्दामच देत नव्हते. तेव्हा सावली वगैरे राहू द्या. आमचं दोघांचं बरं चाललं होतं, एवढं पुरे.

सकाळपासून प्रत्येक जण विचारतो आहे, आता पुढे काय करणार? काही जण उत्तरही स्वतःच देतात. फिरायला जा, बाग करा, लिहा. बाग करा हे तर निम्म्या लोकांनी सांगितलं. अहो, ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या दारातली माती उकरली, तिला निवृत्तीनंतर पुन्हा मातीतच बसवता? मी दमले आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझा गुडघा दमला आहे, डोळे दमले आहेत, आणि समोरच्याला न दिसणारी गोष्ट पटवून द्यायची माझी जीभ दमली आहे. पहिली काही वर्षं मी ती उत्साहाने पटवून देत असे. नंतर चिकाटीने. आता फक्त सांगते.

पाहुण्यांपैकी काहींना आमचं काम ठाऊक नसेल. माझ्या थोरल्या नणंदेला अजून ठाऊक नाही. ती लोकांना सांगते, आमची भावजय मातीच्या खात्यात आहे. मग घरच्या कार्यात जेवणाचं ताट हातात असताना मला माणसं विचारतात, कुंडीतला गुलाब का सुकतो? मला गुलाबातलं काही कळत नाही. आमचा विभाग मातीत शिसं किती, कॅडमियम किती, पारा किती, हे मोजतो. पण मोजणं हा कामाचा सोपा भाग. त्याला यंत्र आहे. अवघड भाग पुढचा. त्या मातीने माणसाला काय होईल, हे सांगायचं. माती काही उडी मारून पोटात जात नाही. ती हाताला लागते, हात तोंडात जातो. ती चपलेबरोबर घरात येते, वाळते, धूळ होऊन भाकरीच्या तुकड्यावर बसते. परसातल्या पालेभाजीत थोडी शिरते, धुऊनही थोडी राहते. अशा सगळ्या वाटा धरायच्या, आणि वर्षाकाठी किती पोटात गेली याचा हिशोब मांडायचा.

या हिशोबासाठी आम्ही एक मूल धरतो. मी नोकरीला लागले तेव्हा ते मूल दोन-तीन वर्षांचं होतं, आजही तेवढंच आहे. त्याचं वजन ठरलेलं. ते दिवसाला चिमूटभर माती गिळतं, वर्षातून थोडे दिवस गावाला जातं, बाकी अंगणात खेळतं. ते रडत नाही, आजारी पडत नाही, त्याला आईबाप नाहीत. सगळ्या अहवालांत मी त्यालाच खेळवत आले. सारखं वाटायचं, कधीतरी याची आणि माझी गाठ पडेल. ती गेल्या वर्षी पडली. तेवढंच सांगते आणि बसते. गुडघा फार वेळ उभं राहू देणार नाही.

शहराच्या कडेला एक बंद कारखाना आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवण्याचं काम तिथे चालायचं. त्याच्या भिंतीला लागून कामगारांची वसाहत आहे. समोरासमोर घरं, मध्ये गल्ली, प्रत्येक दारापुढे खाटेएवढं अंगण. कारखाना चालू होता तेव्हा भट्टीतली काळी खडी फुकट मिळायची. दारात चिखल नको म्हणून सगळ्यांनी ती आणून अंगणात घातली. पुढे कारखाना बंद पडला, माणसं म्हातारी झाली, खडी तिथेच राहिली. तिच्यावर पोरं रांगली, मोठी झाली, त्यांची पोरं आता रांगताहेत.

त्या वसाहतीत एक बाई आहेत. त्यांना सगळे कप्तानबाई म्हणतात. नळावर कोणी आधी उभं राहायचं, कोणाच्या पोराने शाळा बुडवली, कोणाचा नवरा कुठे पडून आहे, हा सगळा कारभार त्या बघतात. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज दोन गल्ल्या पलीकडे जाईल असा. त्यांच्या चार मुलांपैकी आता घरात एक मुलगा, एक सून आणि एक नात. मुलगा कामासाठी दूर असतो. नात तेव्हा दोन वर्षांची होती.

आरोग्याधिकारी साहेबांच्या शिबिरात त्या मुलीचं रक्त तपासलं. रक्तात शिसं फार निघालं. साहेबांनी योग्य तेच केलं, आमच्याकडे पत्र पाठवलं की त्या वसाहतीची माती तपासा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जरा वेगळं बोलणार आहे.

मी तेव्हा रजेवर होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमची माणसं गेली, प्रत्येक अंगणातली वरची माती खुरप्याने काढली, पिशव्यांत भरली, आणली, वाळवली, चाळली, यंत्राला लावली. सगळं नियमाप्रमाणे. लहान मुलाला धोका किती हे बघायचं असेल तर वरचीच दोन बोटं माती घ्यायची असा नियम आहे, कारण मूल खोल खणत नाही असं आम्ही धरतो. मघाशी सांगितलेलं आमचं मूल तर नाहीच खणत.

माती निर्दोष निघाली. प्राथमिक अहवाल गेला. मातीपासून धोका नाही.

आता बघा हं, एका ओळीच्या अहवालाने काय होतं. मातीत शिसं नाही, मुलीच्या रक्तात आहे. मग आलं कुठून? घरातून. घरात दिवसभर कोण असतं? आई. साहेब, तुमच्या माणसांनी त्या घरी चकरा मारल्या. खेळणी बघितली, भांडी बघितली, भिंतीचा रंग खरवडला, तिच्या ट्रंकेतले कपडेसुद्धा काढून बघितले. तुमच्या परिचारिकेने भर गल्लीत तिला विचारलं, "पोरीला नक्की काय चाटवतेस?" शेजारणी दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. आणि कप्तानबाईंनी घरात तोच पाढा लावला, "तुझं लक्षच नसतं. माझी चार पोरं याच अंगणात वाढली, एकाला काही झालं नाही." ती मुलगी, सून म्हणते मी, वय असेल चोवीस-पंचवीस, पोरीचे हात दिवसातून इतक्या वेळा साबणाने धुवायची की त्या एवढ्याशा बोटांची सालं निघाली होती. ती मी स्वतः पाहिली आहेत.

मी कामावर परतले तेव्हा टेबलावर तो अहवाल होता. आकडे बघितले आणि मला राग यायला लागला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या अंगणांचे आकडे जवळजवळ सारखे. शिसं सारखं, जस्त सारखं, लोहसुद्धा सारखं. माती इतकी शहाण्यासारखी कधीच वागत नाही. एका अंगणाच्या दोन कोपऱ्यांत फरक पडतो. कुठे कोणी राख टाकलेली असते, कुठे सांडपाणी मुरलेलं असतं. आणि इथे बंद भट्टीच्या भिंतीला चिकटलेलं घर आणि गल्लीच्या शेवटचं घर यांची माती एकसारखी?

मी संचालकांच्या खोलीत गेले. अध्यक्ष महोदय, आपलं बोलणं मी इथे सांगितलं तर चालेल ना? नाही चाललं तरी आज मला मेमो देता येणार नाही.

संचालक म्हणाले, "मॅडम, चांगली बातमी आहे. चांगल्या बातमीतही तुम्हाला खोट दिसते?"

मी म्हटलं, "वर्गातल्या सगळ्या पोरांना गणितात एकसारखे मार्क पडले, तर तुम्ही पेढे वाटाल की पेपर पुन्हा बघाल?"

हे म्हणाले, "मी पेढे खाईन आणि तुम्ही पेपर बघाल."

म्हणून मी बघायला गेले. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आमचा गाडीवाला वाटभर म्हणतोय, "मॅडम, जरा बरं वाटू द्या, माती कुठे पळून जात नाही." नेमकी तीच पळून गेली होती, पण ते त्याला काय ठाऊक.

कप्तानबाई दारातच होत्या. मला बघून म्हणाल्या, "पुन्हा? अहो, मागच्या वेळी तुमची माणसं आली तेव्हा बघितलं असेल ना त्यांनी, आमचं अंगण कसं होतं! आरशासारखं. तोंड बघून घ्यावं."

मी विचारलं, "इतकं छान कधी केलंत?"

"आदल्याच दिवशी. चांगली नदीकाठची माती मागवली. ट्रक आत येईना, तर बायकांनी घमेली डोक्यावरून वाहिली. घरटी वर्गणी काढली. एकीला म्हणून सोडलं नाही मी. सरकारी माणसं येणार, शहरातली, शिकलेली, आणि आमच्या दारात ती काळी खडी? काय म्हणतील, ही माणसं कशात राहतात?"

"बाई," मी म्हटलं, "ती घर बघायला येणार नव्हती. माती बघायला येणार होती."

"मग?" त्या म्हणाल्या. "मातीच चांगली दाखवली ना!"

तुम्ही हसलात. मीही हसले असते. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण काय करतो? चादर बदलतो, जुन्या चपला खाटेखाली सरकवतो. त्या बायकांनी तेच केलं. त्यात लबाडी तसूभरही नव्हती. होती ती लाज. आणि आमच्या माणसांनी वरची दोन बोटं माती काढली, म्हणजे वसाहतीची अब्रू तेवढी पिशवीत भरून आणली.

मी बघितलं तर ती नवी माती आता कुठे कुठेच उरली होती. झाडून झाडून, चालून चालून बरीच गटारीकडे गेली होती. आणि दाराच्या कोपऱ्यात, जिथे ती जरा जाड होती, तिथे एक मुलगी फतकल मारून बसली होती. हातात जेवणाचा चमचा. पिवळसर मातीत तिने हातभर रुंद खड्डा केला होता आणि खालची काळी खडी उकरून शेजारी नीट ढीग लावत होती. मध्येच चमचा तोंडात घालत होती. आमचं मूल खोल खणत नाही, असं आम्ही धरतो.

मी वाकून तिचा चमचा काढून घ्यायला गेले तर तिने गळा काढला. रडणं ऐकून सून बाहेर आली. आमचं बोलणं तिने आतून ऐकलं असावं. तिने पोरीला उचललं, तिचं तोंड पदराने पुसलं, आणि मला विचारलं, "म्हणजे खाली तीच खडी आहे? म्हणजे ते त्या मातीतलं आहे?"

मी म्हटलं, "खणून, मोजून सांगते. पण बहुतेक हो."

ती सासूकडे वळली. मला वाटलं आता भांडण होणार. ती इतकंच म्हणाली, "आई, माझ्यामुळे नव्हतं."

कप्तानबाई म्हणाल्या, "तू आत जा."

ती आत गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग कप्तानबाईच आत गेल्या.

त्यानंतरचं काम सांगण्यात अर्थ नाही, ते तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्याबरोबर केलं आहे. चार बोटं खाली गेलो आणि आकडे निघाले ते मर्यादेच्या कित्येक पट. भिंतीजवळच्या घरात सगळ्यांत जास्त. हिशोब मांडला. शिशाचं एक वाईट असतं, शरीर त्याला कॅल्शियम समजून घरात घेतं. हाडांत नेऊन ठेवतं. आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मूल त्याला कितीतरी जास्त थारा देतं. पोर चिडचिडं होतं, पोट दुखतं, रंग उतरतो, शिकायला मागे पडतं. दिसायला यातलं काहीच निराळं नसतं. कुठल्याही घरात कुठल्याही पोराला होईल असंच. म्हणून तर आईला दोष देणं इतकं सोपं जातं.

सुधारित अहवाल तयार झाला. खडी काढा, खालची माती बदला, तोवर लहान मुलं असलेल्या घरांची दुसरीकडे सोय करा. मी सही केली आणि संचालकांकडे पाठवला. आणि तिथे तो बसला.

आता मी अध्यक्षांवर अन्याय करणार नाही. त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, पहिला अहवाल आपल्याच शिक्क्याने गेला आहे. आता त्याच्या उलट सांगायचं तर पहिला का चुकला, ते सांगावं लागेल. वरून माती पसरली होती, हे तुम्ही म्हणता. पसरणारे कबूल करतात का?"

मी म्हटलं, "कप्तानबाई माझ्यासमोर बोलल्या."

"सर्वांसमोर बोलतील? आरोग्य खात्यासमोर? नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, पहिला खरा कशावरून नाही? मग बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तिसऱ्यांदा तपासणी. म्हणजे पुढचं वर्ष. तुम्ही निवृत्त होताय, मॅडम. उत्तर द्यायला मी इथे असणार आहे."

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं.

मी पुन्हा वसाहतीत गेले. कप्तानबाईंनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि ठाम नकार दिला. "मी नाही बोलणार. मी बोलले तर सगळी वसाहत म्हणेल, हिनेच माती आणवली आणि हिनेच आमची घरं बदनाम केली. घरं सोडायला लागली तर जायचं कुठे? या लोकांनी माझ्या शब्दाखातर घमेली वाहिलीत."

मी म्हटलं, "आणि तुमची नात?"

"नातीला काय झालंय? खेळते, पळते. तुमचे आकडे मला कळत नाहीत."

"सुनेला तर कळतात."

"तिला काय, ती जिंकली ना," त्या म्हणाल्या. हे बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मी समजले. खडी, घरं, वसाहत, हे सगळं होतंच, पण घशात अडकलं होतं ते निराळंच. चार महिने जिला घालूनपाडून बोललो तिच्यासमोर उभं राहून सांगायचं, तुझं चुकलं नव्हतं. माणसाला विष पचतं, हे पचत नाही.

पुढच्या आठवड्यात सून पोरीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना सांगून गेली, "अंगणातली माती बदलेल तेव्हा येईन. आणि ज्यांनी मला गल्लीत विचारलं, त्यांनी गल्लीतच सांगावं की माझं काही चुकलं नव्हतं." मला वाटतं ही मागणी फार नव्हती. पण मला विचाराल तर आमच्या सगळ्या अहवालांत मिळून एवढी अवघड शिफारस एकही नाही.

साहेब, तुम्ही खाली बघू नका. तुमच्या जागी मी असते तर पहिला अहवाल वाचून मीही घरातच शोधलं असतं. फक्त गल्लीत विचारलं नसतं.

तर आज सकाळी मी माझं कपाट रिकामं करत होते. दारावर थाप पडली. टकटक नव्हे, थाप. मला वाटलं खोके न्यायला माणूस आला. दारात कप्तानबाई. चांगली साडी, हातात पिशवी. मी त्यांना कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. आज आवाज येईना.

त्या म्हणाल्या, "घर खायला उठतं."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"अंगणात चमचा सापडला," त्या म्हणाल्या. "धुऊन ठेवलाय." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी समजूत घालायला गेले नाही. माझ्या बोलण्याने त्या कधी बधल्या नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "कुठे सांगायचं असतं ते? कोणाकडे? तुमच्या मोठ्या साहेबांकडे न्या मला."

मी त्यांना घेऊन संचालकांच्या खोलीपाशी गेले. अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा इथे सभागृहात खुर्च्या मांडून घेत होतात, माझ्याच कार्यक्रमाच्या. शिपाई म्हणाला, साहेब आज भेटणार नाहीत, आज निरोप समारंभ आहे. मी म्हटलं, ठीक आहे. मग तिथेच भेटू.

आता आभार. मी आटोपते. चाळणीला चिकटलेली शेवटची चिमूटसुद्धा झटकून घ्यायला शिकवणाऱ्या माझ्या जुन्या वरिष्ठांचे आभार. आमची काचेची भांडी धुणाऱ्या तिघींचे आभार, त्यांच्या हातून माझ्या आठवणीत एकही नमुना बिघडला नाही. गाडीवाल्याचे आभार, त्याने मला कधीही वेळेवर पोचवलं नाही पण सुखरूप पोचवलं. माझ्या विभागातल्या मुलामुलींचे आभार; मी तुमच्यावर ओरडले ते विसरू नका, त्यातलं बरंचसं योग्य होतं. घरी माझ्या यजमानांचे आभार. मी घरात शिरण्याआधी चपला बाहेर झटकायच्या आणि हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, हा माझा जाच त्यांनी हसत सोसला. उद्यापासून मी दिवसभर घरात असेन, तेव्हा ते किती हसतात बघू.

आज बोलण्याच्या ओघात मी व्यासपीठाचा मान जिथे जिथे राखला नसेल, तिथे मोठ्या मनाने मला सांभाळून घ्या. निवृत्तीच्या दिवशी बाईने गोड बोलावं असा रिवाज असतो, तो मी मोडला. वयाने मोठे आहेत त्यांनी माफ करावं, लहान आहेत त्यांनी चालवून घ्यावं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे दिलेला वेळ अजून थोडा उरला आहे. तो मी कप्तानबाईंना देते. अध्यक्ष महोदय, आपण विचारलं होतंत, सर्वांसमोर बोलतील का. हे सर्व आहेत. आरोग्य खातंही इथेच बसलं आहे. बोलणं झालं की त्या अहवालाचं काय करायचं, ते आपण ठरवा. आपण वाईट माणूस नाही, हे मी आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून जाणते.

या बाई. सावकाश. ही पायरी उंच आहे, माझा हात धरा. माइक जरा खाली घ्या हो, अजून खाली. हं.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला सकाळी सांगितली नाही. सांगितली असती तर कदाचित तुम्ही आला नसतात. त्यानंतर मी एक फोन केला होता. डाव्या हाताला, त्या खांबापाशी बघा. मघाशी आली ती. पोरगी मांडीवर झोपली आहे.

बोलताना साहेबांकडे बघू नका. तिच्याकडे बघून बोला.